इनेसमावशी आणि काचेची भिंत

इनेसमावशीच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांना लागून मेलेले पक्षी असायचे. काचांना धडकून मेलेले हे पक्षी ती म्युझियमला द्यायची आणि त्यासाठी तिच्याकडे रीतसर परवानाही होता. पण आइस्क्रीम काढायला म्हणून मी पहिल्यांदा त्यात हात घातला, तेव्हा मला हे कुठे ठाऊक होतं! मी किंचाळले. ती शांतपणे म्हणाली, "मिहा, ते काही करत नाहीत. आइस्क्रीम खालच्या कप्प्यात आहे." मिहा म्हणजे तिच्या स्पॅनिशमध्ये लेक.

मावशी मूळची कोलंबियाची, पक्ष्यांची शास्त्रज्ञ. सत्तरी ओलांडल्यावर ती इकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मुलीकडे राहायला आली आणि आमची शेजारीण झाली. तिकडच्या डोंगरउतारावर एक अख्खं जंगल आज उभं आहे, ते तिच्यामुळे. तिथले कॉफीवाले शेतकरी सावलीची मोठी झाडं तोडायला निघाले होते आणि इथले चिमुकले पक्षी हिवाळ्यात नेमके त्याच झाडांवर मुक्कामाला जातात. मावशीनं भाषणं केली नाहीत. ती घरोघर जाऊन जेवली. "ज्याचं मन वळवायचंय, त्याच्याकडे आधी पोटभर जेवावं," ती म्हणायची, "उपाशीपोटी माणूस नुसता भांडतो." ती झाडं विकत घ्यायला टपलेल्या लाकूडवाल्यांनी तिची जीप जाळली, तेव्हा ती पायी जेवायला जाऊ लागली. हे सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

आमच्या मंडळाचा नवा हॉल त्या वर्षी गणपतीसाठी पहिल्यांदा उघडला. तळ्याकडची अख्खी भिंत काचेची. आम्हाला तिचा कोण अभिमान! शिवाय गणपती बसलेला असताना अंधार नको, म्हणून रात्रभर सगळे दिवे चालू. पक्ष्यांचा दक्षिणेकडे जायचा मोसमही नेमका तोच. ते रात्री उडतात, उजेडाला भुलून खाली उतरतात आणि सकाळी काचेत दिसणारी झाडं खरी समजून धडकतात. आम्हाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मोठ्या हौसेनं मावशीला आरतीला नेलं. काच पाहिल्यावर ती आरती सोडून भिंतीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नैवेद्याच्या तयारीला गेले, तर मावशी भिंतीच्या कडेनं वाकून चालत होती. तिच्या ओंजळीत केशरी गळ्याचा एवढासा पक्षी होता, निपचित. "हा माझ्या गावाला निघाला होता," ती म्हणाली. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ज्या जंगलासाठी तिनं उभं आयुष्य घातलं, तिथं जाणारेच आमच्या दारात मरत होते.

मग दुपारी ती आत येऊन पंगतीला बसली. तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना मसालेभात पुन्हा मागून घेतला आणि त्यानंतरच अध्यक्षांशी, म्हणजे सुधीरकाकांशी बोलली. रात्री दिवे बंद करा आणि काचेवर बाहेरून ठिपके काढा, इतके जवळजवळ की दोहोंमधून तळहात जाऊ नये.

काका माझ्यावरच उखडले. "मीनल, तू समजाव यांना. गणपती बसलाय आणि लाइट्स ऑफ करायचे? आणि एवढ्या काचेवर डॉट्स काढले तर व्ह्यू काय राहिला? डोनर्सना काय सांगू मी?"

तेवढ्यात काचेवर टक् असा आवाज झाला. आम्ही सगळे बाहेर धावलो. पक्षी जिवंत होता, नुसता भोवळून पडला होता. मावशीनं तो अलगद उचलला आणि काकांच्या हातांत ठेवला. "मूठ आवळू नका. त्याच्यावर नुसतं छप्पर धरा," ती म्हणाली. काका श्वास रोखून उभे राहिले.

"अगं, याचं हार्ट केवढं धडधडतंय," ते कुजबुजले.

काही वेळानं मावशीनं त्यांना हात उघडायला सांगितलं. पक्षी भुर्रकन झाडावर गेला. काका रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समई चालेल ना पक्ष्यांना? बाकी सगळं ऑफ करतो. डॉट्सचं बघू."

मंडळाच्या भाषेत 'बघू' म्हणजे 'नाही'. पण ठिपके म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात रांगोळी आली होती, आता मी थोडीच सोडणार होते! पुढच्या शनिवारी आम्ही बायका काचेवर टिकणारी पांढरी पेनं घेऊन हजर झालो. ठिपके सरळ रेषेत की मधोमध, यावरून पुणे आणि नागपूर यांची चांगलीच जुंपली. मावशी खुर्चीत बसून काठीनं दाखवत होती, "इथून एक घुसेल. इथूनही घुसेल." ती भिंत तिला पक्ष्यांच्या बाजूनंच दिसत होती. अशी एकाग्र म्हातारी मी दुसरी पाहिली नाही. तिच्यापुढे आमची भांडणंसुद्धा विरून जायची.

वरचा भाग राहिला असतानाच थंडी पडली आणि काम थांबलं. त्याच हिवाळ्यात मावशी गेली. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत तिनं स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. "वरचं राहिलंय, मिहा," एवढंच म्हणाली. मला ती फार फार आवडायची, आणि हे मी तिला तेव्हा सांगितलं, याचं आज बरं वाटतं.

उन्हाळ्यात मी काही बोलायच्या आतच काकांनी भाड्यानं लिफ्ट आणली आणि खालून मान वर करकरून आमच्याकडून वरचे ठिपके पुरे करून घेतले. पुढच्या गणपतीत मी उजाडता उजाडता हॉलवर पोचले. काका माझ्याही आधी आले होते. पूजेचं सोवळं वर खोचून, दवानं भिजलेल्या गवतातून ते भिंतीच्या टोकाकडून येत होते.

"एकही नाही गं," ते म्हणाले. मग तळ्याकडे वळले आणि पुढे म्हणाले,

"मावशींना कळायला हवं होतं."