बाहीखालचा विंचू

डाळमिलमध्ये आम्ही साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतो. बाह्या मनगटापर्यंत, तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. तुरीची धूळ अंगाला फार खाजते. दिवसभर शेजारी बसणाऱ्या बाईचा चेहराही धड दिसत नाही, म्हणून आम्ही एकमेकींना हातांवरून ओळखतो.

माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, गोंदलेला विंचू आहे. माझं माहेर शिंदखेड्याकडचं. तिथल्या जत्रेत गोंदताना मी रडून हात ओढून घेतला, त्यामुळे त्याची नांगी राहूनच गेली. जेवणाआधी नळावर बाह्या वर करतो, तेव्हा बाया अजून हसतात, "हाऊ इच्चू कोनलेच चावाव नही." नांगीच नाही, तर कोणाला चावणार!

मागच्या वर्षी कॉलेजची एक मुलगी संशोधनासाठी मिलमध्ये आली. शेठजींची परवानगी घेऊनच आली होती. धुळीने बायांच्या छातीला काय होतं, ते तिला लिहायचं होतं. एका नळीत फुंकायला लावायची आणि आकडा लिहून घ्यायची. मी कोणाशी फार बोलत नाही. पण ती मान खाली घालून लिहायची, माझ्याकडे बघायची नाही, म्हणून मला बोलता आलं. आधी तिने एक कागद वाचून दाखवला. तुमचं नाव येणार नाही, चेहरा दिसणार नाही. मी चौथीपर्यंत शिकले आहे, सही येते. केली.

"मावशी, खाज कुठे येते?" तिने विचारलं. मी बाही वर केली. पुरळ उठलं होतं. तिने फोटो काढला. मग म्हणाली, धूळ ओढायचं मशीन तर इथे आहे की. मी सांगितलं, "तपासणीला साहेब येणार असले, तेव्हाच चालू करता." खोटं नव्हतं ते.

लेख या उन्हाळ्यात छापून आला. तिने मोठ्या आनंदाने माझ्या मुलीच्या मोबाइलवर पाठवला. सगळा इंग्रजीत. मुलगी बारावीला आहे. बोटाने पानं सरकवत वाचत होती, ती एकदम थांबली.

"माय, हाऊ ते तुनाच हात शे."

पुरळ, आणि पुरळाच्या मध्ये विंचू. फोटोच्या खाली मशीनबद्दल मी बोलले होते ते. मुलीने ते मराठीत सांगितलं. शब्द न् शब्द माझाच होता. घर माझ्या एकटीच्या मजुरीवर चालतं.

मी कॉलेजच्या त्या ताईला फोन लावला.

"मावशी, तुमचं नाव नाही ना कुठे? चेहराही नाही."

"ताई, हात आहे ना."

ती म्हणाली, "हाताचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नाही. नियमात चेहरा होता." तिचा आवाज बारीक झाला. "फोटो काढून टाकायला मी आजच लिहिते. पण मावशी, परवानगी दिली होती म्हणून एक प्रत मी शेठजींना पाठवली आहे."

मला तिचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. तिने शब्द पाळला होता. आम्ही कशाने ओळखले जातो, एवढंच तिने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम आमच्या ओळीतून हळूहळू फिरत होता. एरवी तो धुळीत थांबत नाही.

"काय बायांनो, एवढ्या उकाड्यात बाह्या खाली? वर करा, हवा लागू द्या."

"भाऊ, तुम्ही ते मशीन लावा, मग शर्टच काढून ठेवतो!" टोकाला बसणारी एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. मुकादम हसला नाही.

"उद्यापासून शर्ट बंद," तो म्हणाला. "धागे डाळीत पडताय. शेठजींनी सांगितलंय."

मुकादम कोणाचा हात शोधतोय ते बायांनी ओळखलं असावं; त्या दिवशी नळावर विंचवाचं कोणी नाव काढलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली.

संध्याकाळी ताईचा निरोप आला, फोटो काढला म्हणून. शेठजींच्या टेबलावरच्या प्रतीतून तो कोण काढणार? मुलगी म्हणाली, उद्या जाऊच नको. पण न जाणं म्हणजे आपणच बोट दाखवून देणं.

सकाळी मिलच्या दारातच वेगळा आवाज ऐकू आला. मशीन चालू होतं. तपासणीचा कोणी साहेब नव्हता, तरी चालू होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या शेडचा पलीकडचा कोपरा दिसला, छताचे पत्रे दिसले, बायांचे उघडे हात दिसले. श्वास सहज आत जात होता. कोणी खोकतही नव्हतं. आणि त्या स्वच्छ हवेत मुकादम लांबूनच येताना दिसत होता, एकेका हातापाशी जरा थांबत.

मी पदर हातावर ओढला. डाळ निवडताना तो सरकत राहिला.

मुकादम माझ्यापाशी आला आणि वाकला.

"अक्का," तो अगदी मायेने म्हणाला, "या विंचवाची नांगी कुठे गेली?"

मी डाळ निवडत राहिले.

"चला, शेठजी बोलावताय. डबा पण घ्या सोबत."

शेजारच्या बाईने माझा डबा उचलून माझ्या हातात दिला. तिने वर बघितलं नाही.