झाकण

मुलीसाठी आणलेल्या बुटांच्या खोक्यातून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी पडली आणि मला बडोद्याजवळ कोयलीकडच्या कारखान्यातली आमची लॅब आठवली. नव्वदच्या दशकातली वर्षं होती, माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. इन्फ्रारेड मशीनवर नमुना तपासायचा होता आणि भरलेला ट्रक माझ्या रिपोर्टची वाट बघत गेटवर थांबला होता. पण आलेखाची बेसलाइन, म्हणजे पायाची रेषा, सरळ येईना. कधी ती तिरकी जायची, कधी तिच्यावर बारीक काटे उगवायचे. मी झाकण उघडायचे, नमुना पुसायचे, परत ठेवायचे. बडोद्याच्या त्या घामट हवेत माझी नुसती चिडचिड चालली होती.

हसमुखभाई, आमचे जुने ऑपरेटर, शांतपणे म्हणाले, "बेन, मशीन बराबर छे. तुम्ही सारखं झाकण उघडता, बाहेरची भेज, हवेतला ओलावा, आत जाते. पंधरा मिनिटं हात नका लावू."

मी हात मागे बांधून उभी राहिले. पंधरा मिनिटांनी रेषा सरळ आली. तेव्हा मला फक्त अपमान वाटला.

मुलगी आज सकाळपासून दार लोटून बसली आहे. तीनदा मी दार उघडून विचारलं, काय झालं म्हणून. आता चौथ्यांदा दाराकडे गेलेला हात मी मागे घेतला. नजर मात्र घड्याळावरून हलत नाही.