बोटभर चिपांची जागा

माझ्या नावापुढे बी.ए. लागलं ते उदगीरच्या नागनाथमामा सुतारांमुळे. ते गेल्याचा निरोप लातूरला कचेरीत आला तेव्हा मी फाईल बांधत होतो. त्याला आता दीड महिना झाला.

मामा आईच्या गावचे, नात्यातले नव्हेत. त्यांचं दुकान दहा बाय आठचं, वर पत्रा. दुष्काळात विहीर आटली, काठावरचा आंबा वाळू लागला, तेव्हा तो तोडून त्यांनी घराच्या दारासाठी फळ्या कापून आणल्या. ओल्या फळ्या एकमेकींना चिकटून राहिल्या तर आतून बुरशी धरतात, म्हणून दर दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे चिपा, घालून थप्पी रचली. दुकानातली मोकळी जागा तिनेच खाल्ली. कॉलेजसाठी आलेला मी त्या थप्पीवरच झोपायचो. उठून बसलो की डोकं पत्र्याला लागायचं.

उदगिरात काम उरलं नाही तसे मामा दोन महिने भोकरला चौकटी करायला गेले. माझी परीक्षा तोंडावर होती. एका दुपारी मी सगळ्या चिपा काढल्या. थप्पी हातभर खाली बसली, मला ताठ बसून वाचता येऊ लागलं. मामा यायच्या आदल्या दिवशी चिपा परत घालायला गेलो, तर फळ्या काळ्या पडलेल्या. तरी चिपा घालून थप्पी होती तशी रचून ठेवली.

मामांनी एका फळीवरून तळवा फिरवला. म्हणाले, "लई वला कापला मी. माझीच घाई नडली."

खरं सांगितलं तर आसरा जाईल, कॉलेज सुटेल, या भीतीनं मी गप्प राहिलो. त्याच आठवड्यात त्यांनी भिंतीत खुंट्या ठोकून बऱ्या फळ्या वर चढवल्या आणि खाली माझी सतरंजी अंथरली. "बस ताठ. बीए होऊन जातूस, का कुबड घेऊन?" घराला दार मात्र पत्र्याचंच राहिलं.

परवा मामींनी त्या वरच्या फळ्यांमधून माझं पत्र काढून दिलं. लातूर जिल्हा नवा झाला, मला नोकरी लागली, तेव्हाचं. मामांनी ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं होतं. मामी म्हणाल्या, "ऐकून म्हनले, 'चिपा पहिल्या जाग्यावर न्हाईत हे मला आल्या दिशीच दिसलं हुतं.'"

पत्र एवढंच आहे :

"ती. मामांस सा. नमस्कार. चिपा मी काढल्या होत्या. तुमचं दार मी घालवलं. इथे खोली उंच आहे, डोकं कशालाच लागत नाही. तरी वाचायला बसलो की मान आपोआप खाली जाते."