अक्काच्या बिलाचं माप

मी आयुष्यात शेकड्यांनी बिलं तयार केली, पण ती सगळी दुसऱ्यांसाठी. स्वतःच्या नावाचं बिल छापायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. नव्वदच्या दशकात मी धुळ्यात एका डीटीपी सेंटरवर कामाला होते. सेंटर म्हणजे काय, तर एका छापखान्याच्या पुढच्या अंगाला काचेचं दार लावून केलेली खोली. त्यात दोन कॉम्प्युटर, एक लेसर प्रिंटर आणि 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. धुळ्यात धूळ चालत नाही म्हणजे काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नव्हतं.

मी मूळची जळगावची. तिथेच सहा महिन्यांचा कोर्स केला आणि मावशीकडे राहून धुळ्यात नोकरी धरली. गावात कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणाऱ्या मुली बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे माझं नाक जरा वरच असे. मालक छापखान्यातले जुने, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून बोटं काळी झालेले. त्यांना माऊस धरता येत नसे. मी पडद्यावर एक रेघ ओढली, की ते मागे उभे राहून 'वा' म्हणत, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्या काळात मला रेघांचं वेड होतं. खिळ्यांच्या छपाईत रेघ म्हणजे पत्र्याची पट्टी. ती जाड उमटे, कोपऱ्यात दुसऱ्या रेघेला नीट भेटत नसे. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये केसाएवढी रेघ निघायची, आणि कोपरे असे जुळायचे की बघत राहावं. पत्रिका, हँडबिलं मी उरकून टाकायची. बिलाचा फॉर्म आला, की मात्र पदर खोचून बसायची.

एका दुपारी पिंपळनेरहून एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लटकलेली. एसटीत बसतानाही ती काढायची राहिली असावी. चपला बाहेर काढून त्या आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. मी त्यांना अक्का म्हटलं, आणि शेवटपर्यंत तेच राहिलं.

"माले बिल छापनं शे," त्या म्हणाल्या. "मना नावनं."

अक्का गाद्यांच्या आणि उशांच्या खोळी, चादरी, पडदे शिवत. घरी दोन मशिनी होत्या. त्यांचा माल तिकडच्या एका वसतिगृहाला जाई, पण मधल्या एका व्यापाऱ्याच्या नावावर. शिवायचं यांनी, बिल त्याचं. वसतिगृहात विचारलं तर उत्तर मिळालं, की थेट माल घेऊ, फक्त स्वतःच्या नावाचं छापील बिल पाहिजे, वहीचा कागद चालणार नाही.

"माल मना आनि नाव त्यानं, असं कितला दिन चाली?" अक्का म्हणाल्या. मग जरा थांबून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "आनि बिल मी सोता लिखसू."

गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा त्यांनी त्यात नाव घातलं होतं. चाळिशी उलटल्यावर. त्याआधी अंगठा. वर्ग बंद पडला तरी त्या दुकानांच्या पाट्या वाचत, खोळींवर खडूने आकडे घालत राहिल्या. हे सगळं त्यांनी मला त्या दुपारी सांगितलं, आणि मी 'हो का, छान' म्हणत पडद्याकडे बघत राहिले. आज त्याची लाज वाटते.

मला त्यांच्यासाठी काहीतरी भारी करायचं होतं, हे खरं. तो व्यापारी जळला पाहिजे असा फॉर्म! मी आठ रकाने पाडले. अनुक्रमांक, तपशील, माप, नग, दर, सूट, कर, रक्कम. सूट आणि कर यांचा अक्कांशी काडीचा संबंध नव्हता, पण त्याशिवाय बिलाला वजन येत नाही असं माझं मत. मथळे इंग्रजीत. बावीस ओळी. वर त्यांचं नाव ठसठशीत, खाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' आणि सहीला टिंबटिंबांची रेघ. मग नमुना कसा दिसतो ते दाखवायला मी चार खोट्या नोंदी टाइप करून टाकल्या. गादीची खोळ, नग चाळीस, वगैरे. बारीक टाइपातली अक्षरं रेघांच्या मधोमध अशी बसली, की मालकांनी दोनदा 'वा' म्हटलं.

अक्का तासभर माझ्याजवळ बसल्या होत्या. एकदा त्यांनी हात पुढे केला आणि मॉनिटरवर वीत ठेवली. वरून, बाजूने, मागून. मी म्हटलं, "अक्का, हात लावू नका, शॉक बसेल." तसं काही होत नसतं. पडद्याला बोटांचे डाग पडू नयेत म्हणून मी तसं सगळ्यांनाच सांगायची. त्यांनी हात मागे घेतला.

प्रिंट हातात घेऊन त्या बराच वेळ बघत होत्या. "भलतं बेस दिखस," म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आठ दिवसांनी पांढरी, गुलाबी, पिवळी अशी तीन-तीन पानांची दोन बिलबुकं, वर नंबर मारून, त्या पिशवीत घालून घेऊन गेल्या.

दिवाळीच्या आधी मावशीच्या नात्यातल्या एका साखरपुड्याला मी पिंपळनेरला गेले. जेवणं झाल्यावर पत्ता विचारत अक्कांचं घर गाठलं. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेले होते. आपला फॉर्म भरलेला कसा दिसतो, ते बघायची हौस होती.

अक्का मशीनवर होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. पाणी दिलं, चहा टाकला. भिंतीतल्या फळीवर दोन्ही बिलबुकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली मला दिसली. वर सुतळी बांधलेली होती.

"अजून पहिलं बुक संपलं नाही?" मी विचारलं.

मी आपणहून सुतळी सोडली. पहिल्या बुकातली पहिली तीन पानं फाडलेली होती, बाकीची कोरी. माझा पारा चढला. "अक्का, एवढं करून शेवटी त्या व्यापाऱ्याच्याच नावावर माल घातलात ना? मग छापायला कशाला आलात?" त्या घरात मी पाहुणी होते, त्यांचा चहा माझ्या हातात होता, आणि तरी मी हे बोलले. माझी जीभ अशीच आहे.

अक्कांनी शिवणाच्या डब्यातून घडी केलेली ती फाडलेली पानं काढली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांनी पेनाने लिहायचा प्रयत्न केला होता. एकेक अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं. 'गादीची' हा शब्द तपशिलाचा रकाना ओलांडून मापात गेला होता, 'खोळ' खालच्या दोन ओळींवर सांडली होती. चाळीसमधला चार एका घरात आणि शून्य दुसऱ्या घरात. कुठे रेघेला अडवलं म्हणून खोडून पुन्हा लिहिलं होतं. कार्बन खाली दाबला गेल्याने गुलाबी पानावर तर नुसता काळा डाग. वसतिगृहातल्या कारकुनाने ते बिल परत केलं होतं. खाडाखोड चालणार नाही, कोणा शिकलेल्याकडून लिहून आणा, असं म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पण अक्कांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं नाही. दिवाळीनंतरची ऑर्डर पुन्हा व्यापाऱ्याच्या नावावर जाणार होती.

"मग मला का नाही सांगितलं? धुळ्याला यायचं ना!"

"इतला सुंदर कागद," अक्का म्हणाल्या. "मना अक्षरनी पार घान करी टाकी. कसं सांगू तुले?"

एवढ्या वर्षांनंतरही ते वाक्य मला नीट गिळता येत नाही. माझ्या केसाएवढ्या रेघांनी या बाईला पटवून दिलं होतं, की तिचं अक्षर घाण आहे. चाळिशीनंतर मिळवलेलं अक्षर. मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. टाइप केलेली खोटी खोळ रेघांत मावली, म्हणून खरी मावेल असं धरून चालले होते. तासभर शेजारी बसलेल्या बाईच्या हातात एकदाही पेन दिलं नव्हतं.

मी पुटपुटले, की चूक माझीच झाली, फॉर्म बघायला चांगला होता पण...

अक्कांना हसू आलं. त्यांनी गळ्यातली टेप बोटांत धरली. "पन तुनी माप कव्हय लिधं?" त्या म्हणाल्या. "माप लिधाबिगर मी कात्री धरस नही." टोमणा नव्हता तो. आपल्या धंद्यातली साधी गोष्ट या पोरीला कशी ठाऊक नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. खाकी कागद पसरला आणि म्हटलं, "लिहा अक्का. रेघ नाही, घर नाही. जसं येतं तसं." त्यांनी लिहिलं. नाव, गादीची खोळ, उशीची खोळ, चादर, पडदा, चाळीस, एकशे वीस. रेघ आडवी येत नव्हती, तर अक्षर किती सुबक होतं! मोठं, गोल, एका चालीचं. मग त्यांच्याच टेपने मी मापं घेतली. अक्षराची उंची, दोन शब्दांमधली जागा, तीन आकड्यांची रुंदी. त्या गंमत बघत होत्या. एक माप लिहिताना मी चुकले, तेही त्यांनी पकडलं.

निघताना त्यांनी फळीवरून एक घडी काढून दिली. निळ्या जाड कापडाचं कव्हर. "तुना टीव्हीले," म्हणाल्या. बिलबुकं घेऊन गेल्या त्याच आठवड्यात त्यांनी ते शिवलं होतं, पण बिल परत आल्यावर द्यायला यायचं धाडस झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते मॉनिटरवर घातलं. मागचा फुगवटा, वायरींची जागा, कुठे सैल नाही, कुठे ओढ नाही. मी शॉक बसेल म्हणून दटावलं, तेवढ्या वेळात नुसत्या वितेने घेतलेलं माप होतं ते.

नवा फॉर्म मी एका बैठकीत केला. चार रकाने, तेही मराठीत. तपशील, नग, दर, रक्कम. पानभरात फक्त सात ओळी, रेघा जाड, दाबून लिहिलं तरी दिसाव्यात अशा. पिवळं पान मी काढूनच टाकलं, म्हणजे कार्बनची एकच प्रत नीट उमटेल. मालकांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हे बिल आहे का पहिलीतल्या पोराची वही? खाली आपल्या छापखान्याचं नाव छापलं जातंय, लोक काय म्हणतील?"

"मग नाव काढून टाका," मी म्हणाले. "आणि माझंही रजिस्टरमधून काढा हवं तर."

मालकांनी तो खाकी कागद उचलला, अक्कांच्या अक्षरांवर आपलं काळं बोट ठेवलं, आणि म्हणाले, "आमच्याकडे एवढा मोठा खिळा असायचा. लाकडी." छापखान्याचं नाव त्यांनी काढलं नाही. माझंही काढलं नाही.

दिवाळीनंतर अक्का आल्या. टेप गळ्यातच होती. पिशवीतून मी पाठवलेलं नवं बिलबुक काढून गुलाबी प्रत उघडून दाखवली. चार ओळी भरलेल्या, तीन रिकाम्या. प्रत्येक अक्षर आपापल्या घरात. खाली सही. कोपऱ्यात वसतिगृहाचा शिक्का.

"कारकून काय म्हणाला?" मी विचारलं.

"काहीच नही," अक्का म्हणाल्या. "ठप्पा मारा आनि बाजूले ठी दिधं." काहीच न बोलण्याचा तेवढा आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

त्यानंतर दीडेक वर्षाने त्या तिसऱ्यांदा बुकं छापायला आल्या. फाइल माझ्याकडे तयार होती, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, तसंच काढू ना? अक्का खुर्चीवर पुढे सरकल्या. पडद्यावरच्या रेघांकडे बघत त्यांनी दोन बोटं एकमेकांजवळ आणली आणि म्हणाल्या, "रेघा जरा जोडे जोडे घे बेटी. आते मना अक्षर ल्हाना व्हयी गयात."

मी की-बोर्ड बाजूला सारला आणि त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवला. पेनाचं टोपण काढून दिलं. अक्का लिहायला लागल्या, आणि मी त्यांच्या गळ्यातली टेप मागून घेतली.