पहिल्या रिंगला उचलायचं नसतं

लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मी एक फोन उचलला आणि घरात हलकल्लोळ माजला. हॉलमधला फोन वाजला, मी शेजारीच उभी होते, पहिल्याच रिंगला उचलून गोड आवाजात "हॅलो" म्हटलं. पलीकडे सासरे होते. "अरे देवा, उचललास कशाला!" म्हणाले आणि खाडकन ठेवून दिला. मी आपली रिसीव्हर हातात धरून उभी. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि नव्या सुनेवर जेवढं हळू रागावता येईल तेवढं हळू म्हणाल्या, "अगं, पहिल्या रिंगला उचलायचं नसतं आपल्याकडे."

आता माझी नोकरी कॉल सेंटरमधली. फोन उचलायला उशीर झाला तर आमचा साहेब डोळे वटारतो. आणि इथे लवकर उचलला म्हणून बोलणी! मला वाटलं, कुठल्या वेड्यांच्या घरात पडले मी.

मग हळूहळू उलगडा झाला. सासरे कागदाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे. त्यांचं म्हणणं, फोन निरोपासाठी असतो, गप्पा मारायला घराला दार आहे. एक रिंग देऊन ठेवला की अर्थ 'पोचलो, सगळं ठीक'. दोन वेळा रिंग दिली की 'तू मला फोन कर'. उचललाच नाही तर बिल कशाचं येणार? पोरं शाळेच्या सहलीला गेली की एक रिंग. सासूबाई माहेरी पोचल्या की एक रिंग. सबंध घर या एका घंटेवर चालायचं. मी उचलला आणि त्यांचा एक कॉल फुकट घालवला.

या घरातलं सगळ्यात अजब प्रकरण म्हणजे माझी थोरली नणंद. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, आणि तिच्यामागे कस्टमर केअर. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत परक्या माणसांच्या नाकाला नाक लावून विचारते, "हे बरं की हे बरं? आता? आणि आता?" माणसांची तिला अजिबात भीती नाही. पण फोन वाजला की बाई पुतळा! वाजून बंद होऊ देते आणि मग मेसेज टाकते, "काय गं?" अगं, काय गं काय! तेच सांगायला तर फोन केला होता!

मला या बाईचं पहिल्यापासून भारी कुतूहल. मी तिच्याहून सहा-सात वर्षांनीच लहान, पण मला कळायला लागलं तोवर कॉम्प्युटर घरोघरी आले होते. ताईंनी सगळं येताना पाहिलं. फोन आला तेव्हा त्या चौथीत. त्याच्यावर विणलेला रुमाल घालायचे म्हणे, थंडी वाजेल त्याला! शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या आणि एका खुर्चीवर तिघींनी बसायचं. एक बटणं दाबायची, एक माऊस हलवायची, तिसरी नुसतीच "मला दे ना, मला दे ना" करायची.

"तुम्ही कोण होतात ताई, माऊसवाल्या?" मी विचारलं.

"मी तिसरी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आता कुणाच्याही हातातून ओढून घेते."

अगदी खरं. सासूबाईंच्या फोनवर काहीही अडलं की ताई "दे इकडे" म्हणून ओढून घ्यायच्या, दहा ठिकाणी दाबायच्या, "झालं" म्हणायच्या. काय केलं ते विचारलं तर त्यांनाही सांगता यायचं नाही. यांच्या पिढीला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणाऱ्यांनाच येत नव्हतं. दिसेल ते दाबायचं आणि काय होतं ते बघायचं, एवढंच यांचं शिक्षण. यांची ही खटपट बघून पुढची पिढी हसते आणि मागची पिढी हात जोडते. ताई मधल्यामध्ये, दोघांचीही हमाली करायला.

पहिला मोबाइल त्यांना वसतिगृहात असताना मिळाला. त्यात मोजकेच मेसेज मावायचे. नवा यायचा असेल तर जुना पुसायला लागायचा. "कुणाचा पुसायचा यावर आमच्या खोलीत रडारड व्हायची," त्या सांगत होत्या, आणि मी आ वासून ऐकत होते. म्हणूनच बहुतेक बाई अजून आखडतं लिहिते. आपण चार ओळींचा निरोप लिहावा आणि त्यांनी अंगठा पाठवावा. सासरे गेले तेव्हा दहा जणांनी विचारलं, तू कशी आहेस. सगळ्यांना अंगठा.

एकदा मी हट्टालाच पेटले. म्हटलं, "ताई, आता बोलणं फुकट आहे. मग फोन का नाही उचलत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "अगं, वाजला की मी थांबते. एकीवर बंद होतो का बघते. मग दुसरी वाजते, तिसरी वाजते, तोवर वाटतं, आता इतक्या उशिरा काय उचलायचं?" आणि स्वतःच हसत सुटल्या. मी कपाळाला हात लावला.

सासरे गेल्यावर घरात एकच विषय सुरू झाला, आईंचं काय करायचं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत एकट्या. आम्ही तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो होतो. माझा नवरा म्हणजे आईच्या काळजीने अर्धा झालेला प्राणी. तो म्हणे, आपल्याकडे आणू. आई म्हणत, मी इथेच बरी. शेवटी ताईंनी मध्यस्थी केली. आईंना नवा फोन घेऊन दिला, गळ्यात अडकवायला पिशवी शिवली, औषधं मागवायला शिकवलं, डॉक्टरांची वेळ घ्यायला शिकवलं. बाई शिकल्याही! पण नवऱ्याने बजावून ठेवलं, "एक जरी भानगड झाली, तरी गाशा गुंडाळायचा. मग मी ऐकणार नाही." आई 'बरं' म्हणाल्या. रोज संध्याकाळी सातला ताईंच्या फोनवर एक रिंग यायची आणि बंद व्हायची. एवढा चेहरे दाखवणारा फोन हातात, तरी रिवाज तोच. ताई दुकानात असतील तिथे एकदा फोनकडे बघायच्या आणि पुढच्या माणसाला विचारायच्या, "हे बरं की हे बरं?"

मागच्या महिन्यात एका दुपारी मला ताईंचा फोन आला. मेसेज नाही, फोन. माझी तर पाचावर धारण बसली. हेडफोन काढून बाहेर पळाले. म्हटलं, "ताई, आई बऱ्या आहेत ना?"

"आई बरी आहे. मी बरी नाही," त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. आईंच्या शेजारी एक शाळेतल्या बाई राहतात. त्या चष्म्याचा नंबर बदलायला ताईंच्या दुकानात आल्या. मशीनवर हनुवटी टेकवून बसल्या बसल्या म्हणाल्या, "काकू परवा बाल्कनीत अडकल्या तेव्हा किती घाबरले हो मी! मी घरी आले तर त्या पलीकडे उलट्या बादलीवर बसलेल्या. ओठ सुकलेले. माझ्याकडे किल्ली होती म्हणून बरं." वाऱ्याने दार आपटलं, आतली कडी आपोआप पडली, आणि आई पाचच्या सुमारापासून बाहेर. ताईंनी त्या बाईंना तसंच मशीनला टेकलेलं ठेवलं आणि फोन उघडून बघितला. परवाची आईची रिंग सातची नव्हती. पाच वाजून गेल्यावरची होती. एकच.

ती आली तेव्हा ताईंनी पाहिलीही होती. मनात म्हणाल्याही होत्या, आज लवकर दिली वाटतं, बाहेर कुठे निघाली असेल. आणि खुशाल कामाला लागल्या होत्या.

जगात दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली असती का, सांगा. आईचा फोन वाजून बंद पडला तर कुणीही पोरगी उलटा फोन करते. आमच्याकडे समाधान मानतात!

अळीमिळी गुपचिळी करून निभावलं असतं, पण ताईंच्या पोटात राहिलं नाही, त्यांनी भावालाही सांगितलं. नवरा त्याच संध्याकाळी माळ्यावरची मोठी बॅग काढून निघाला, मागोमाग मी. ताई दुकानातून परस्पर आल्या. आईंनी दार उघडलं, तिघांना एकदम बघितलं, मग बॅग बघितली आणि चहा टाकायला गेल्या.

"चहा राहू दे," नवरा म्हणाला. "कपडे भर."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. डोळे सुजलेले. "आई, मला माफ कर," त्या म्हणाल्या. "तू फोन केलास आणि मी बघत बसले. नेटवर्क गेलं असणार, नाहीतर बॅटरी संपली असणार. मला एकदा तरी उलटा फोन करावासा वाटायला नको का?"

आईंनी गॅस बारीक केला. "नेटवर्कला काय धाड भरली होती? चांगलं चालू होतं. मीच बंद केला."

"तू बंद केलास?"

"तुलाच लावला होता. घाबरले होते ना! मग एक रिंग गेली आणि डोक्यात आलं, हिने उचलला तर सांगावं लागेल. हिला सांगितलं की त्याला कळणार. त्याला कळलं की तो बॅग घेऊन येणार." आईंनी हॉलकडे मान केली. "आला की नाही?"

नवरा बॅगेशेजारी उभा होता. माझ्या मनात आलं, शाबास! घरात फोनवरून खोटं बोलायची सोयच नव्हती, बाईंनी तीही काढली. पण ताईंकडे बघितलं आणि हसू आलं नाही. त्या खाली बसल्या होत्या, फरशीवर, भिंतीला टेकून.

"मी पण हेच केलंय," त्या म्हणाल्या.

वसतिगृहातलं दुसरं वर्ष. दोन विषय राहिलेले, खोलीतल्या मुलींशी बोलणं तुटलेलं, जेवण जाईना, दिवस दिवस पांघरूण घेऊन पडून राहायच्या. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आणि रोज संध्याकाळी उठून, घरी एक रिंग. पोचले, सगळं ठीक. "दुसरी दिली असती तर तू फोन केला असतास," ताई म्हणाल्या, "मग मला रडूच आलं असतं. बाबा दुसऱ्या दिवशी येऊन सामान बांधून घेऊन गेले असते. मग कसलं शिक्षण आणि कसलं काय. म्हणून देत राहिले. तेव्हापासून हेच करत आले बहुतेक. कुणी विचारलं की अंगठा."

आई चहा गाळत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

ताईंनी वर बघितलं.

"एरवी तुझी रिंग टिंग झाली की बंद व्हायची. घाईत असायचीस तू, मैत्रिणी हाका मारत असतील. त्या वर्षी पूर्ण वाजायची. अगदी संपेपर्यंत. मला वाटायचं, आता दुसरी देतेय. मी रोज फोनवर हात ठेवून उभी राहायचे."

"मग उचलला का नाहीस गं?" ताईंचा आवाज फुटला. "एकदा तरी उचलायचा होतास!"

"हे इथेच खुर्चीत बसलेले असायचे. मी उचलला असता, तू रडली असतीस, की यांनी चपला घातल्या असत्या. तुला तिथे राहायचं होतं ना? राहायचं होतं म्हणून तर खोटी रिंग देत होतीस. मग मी राहू दिलं तुला." आईंनी कप पुढे केला. "जीव टांगणीला लागायचा माझा. पण राहू दिलं."

ताईंनी कप घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. मी इतकी वर्षं या बाईला खोदून खोदून विचारत होते, तुम्ही अशा का, तशा का. मशीनं बघत बसले, रुमाल आणि माऊस आणि मेसेज. हे मात्र कधी विचारलं नाही, की पलीकडे फोनपाशी कोण उभं असायचं.

माझ्या नवऱ्याचे डोळे भरले होते, पण पठ्ठ्या हट्टी. बॅगेचा पट्टा सोडेना. "ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "पण परत अडकलीस तर? आई, खरं सांग, तुला एकटीला भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज संध्याकाळी वाटते," आई म्हणाल्या. "तेही सांगेन आता, लपवणार नाही. परत अडकले तर तुम्ही उचलेपर्यंत वाजवत राहीन. पण मी खरं सांगितलं की तू बॅग आणायची नाहीस."

"मग काय आणायचं?"

"सुतार आण. ती कडी सैल झालीय कधीची."

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "आईंचं ऐकलंस ना? जा, दुकानं बंद व्हायच्या आत सुतार बघ."