तीनचा आठ

आमच्या घरी माझ्या याद्यांची थट्टा होते. किराण्याची यादी, औषधांची यादी, लग्नाला जाताना बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेली यादी. हे मात्र मी कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही. नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे — आणि तेही सरळ सांगता येईल असं वाटत नाही.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात भांडारपाल होते. बाकं, घंटा, खेळाचं सामान — आणि कवायतीच्या जुन्या लष्करी रायफली. त्यांतून गोळी सुटत नसे, तरी कुलपात ठेवायच्या. त्यांचे बोल्ट, म्हणजे मागचे सरकते दांडे, काढून वेगळ्या पेटीत. प्रत्येक रायफलीवर कारखान्याची खूण आणि नंबर. कितीतरी वर्षांच्या हातांनी ते पुसत आले होते.

तपासणी येणार होती. म्हणून मी अचलपूरच्या कादरचाचांना बोलावलं. रानडुकरांसाठी शेतकरी बंदुका ठेवत, त्या दुरुस्त करायचा त्यांच्याकडे परवाना होता. पण त्या वर्षांत कापसानं सगळ्यांनाच आडवं पाडलेलं. बंदूक दुरुस्तीला आणणार कोण? आमचं काम त्यांना हवं होतं. मी चिठ्ठी लिहून दिली — ‘अक्षरे उजळून देणे.’

चाचांचं उजळणं म्हणजे काय? खडूची पूड चोळायची, अंगठ्यानं पुसायची, रायफल खिडकीशी तिरपी धरायची. पांढरी अक्षरं क्षणभर वर येतात. वाचायची, टिपायची, झालं.

“एकदाच कोरून टाका ना, चाचा,” मी म्हटलं.

“काहून बाई? म्हातारीचं गोंदण मिटलं तं नवं गोंदता का तिले? वाचा अन् सोडून द्या.”

एका रायफलीचा शेवटचा आकडा मात्र त्यांनाही लागेना. इंग्रजी तीन की आठ? चाचांनी माझ्याच चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं तो नंबर लिहिला, शेवटी दोन्ही आकडे आणि पुढे प्रश्नचिन्ह, आणि चिठ्ठी मला परत दिली.

माझ्या यादीत एवढा एकच रकाना रिकामा. मला तो सहन होईना. हसू येतं ना? मलाही यायचं, पूर्वी. चाचा गेल्यावर मी रकान्यात आठ लिहिला. मग वाटलं, यादीत आहे तर रायफलीवरही दिसायला हवा — कॉलेजच्याच वर्कशॉपमधून आकड्यांचे ठसे आणले आणि हातोडीनं आठ ठोकला. लोखंडाबरहुकूम यादी करायची असते. मी यादीबरहुकूम लोखंड केलं. रायफलीचाच नंबर तिच्या बोल्टवरही असतो; पेटी उघडून तो बघावा, एवढंही सुचलं नाही.

तपासणीच्या साहेबांना सुचलं. बोल्टवर तीन. रायफलीवर नवाकोरा, चकाकणारा आठ. हत्याराचा नंबर बदलणं हा गुन्हा आहे, हे मला तेव्हा कळलं. चाचांना बोलावलं गेलं.

“म्या खडू लावला साहेब. ठोकलं नाई.”

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. माझं अक्षर वर, त्यांची पेन्सिल खाली. चाचा माझ्या हाताकडे बघत राहिले — आता उलटवेल, आता उलटवेल. मी हात मांडीवर घेतला.

साहेब चिठ्ठी वाचत म्हणाले, “उजळून म्हणजे?”

“मले काय पुसता? लिहिलं बाईनं, बाईलेच पुसा.”

साहेबांनी मला विचारलं. आणि मी म्हणाले — ‘उजळून म्हणजे कोरूनच.’ अगदी स्पष्ट आवाजात. भीती वाटत होती का? होती. पण आवाज कापला नाही, हे मला पक्कं आठवतं.

चाचांचा परवाना पुन्हा झाला नाही. तेवढ्यावर प्रकरण मिटलं, असं लोक म्हणाले. मीही म्हणाले.

पुढे अकोल्याला एका सायकलच्या दुकानात ते दिसले. मुलाचं दुकान. पंक्चर झालेली ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत बसले होते. मला ओळखलं.

“काय बाई, याद्या बराबर आहेत ना?”

“हो,” मी म्हणाले, आणि पुढे गेले.

ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. पेन्सिल फिकट झाली आहे, तिरपी धरली की वाचता येते. रायफल कॉलेजातच असेल, आठ घेऊन.

तो तीन होता. आठ ठोकला मी.