पुलावरचा एक्कावन्नावा माणूस

हसू नका म्हटलं तरी हसाल, तेव्हा आधीच हसून घ्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जे केलं, ते आठवलं की आजही कान गरम होतात!

नववीत शाळा सुटली होती. बऱ्याच खटपटीनंतर कर्वेनगरातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत वॉचमनची नोकरी मिळाली. "दहाला हजर. उशीर झाला तर तसंच घरी जायचं," सुपरवायझरनी बजावलं होतं. मी नदीच्या अलीकडे राहायचो. मध्ये नवाकोरा, लांबच लांब झुलता पूल.

साडेनऊलाच पुलापाशी पोचलो. तिथे पाटी: 'एका वेळी पन्नास जणांनीच पुलावर जावे.' पाटीला उद्घाटनाचा सुकलेला हार तसाच लटकत होता.

मी माणसं मोजली. बरोबर पन्नास! म्हणजे मी एक्कावन्नावा. थांबलो.

मागून एक काकू आल्या. "का हो, थांबलात का?"

"पन्नास झालेत."

काकूंनी पाटी वाचली आणि मुकाट्याने माझ्यामागे उभ्या राहिल्या. झालं! पाच मिनिटांत ही रांग! कोणी अलीकडे उतरलं की मागून हाक, "दादा, एक सोडा!"

आता सांगा, मी कोण सोडणारा? पण तसं म्हणायला तोंड उघडायला हवं ना!

माझा नंबर आला की एखाद्या आजी पुढे. "गुडघे दुखतात रे बाळा." जा आजी. मग कॉलेजची मुलगी. "दादा, पेपर आहे!" जा ताई. दहाला पाच कमी... जा काका, तुम्हीही जा!

शेवटी छत्रीवाले एक आजोबा आले. "काय हो, महापालिकेने नेमलंय आपल्याला?"

"नाही... पाटी आहे..."

"पाटी वाचावी, तर पूर्ण वाचावी." त्यांनी छत्रीच्या टोकाने तो हार वर उचलला. खाली बारीक अक्षरं: 'ही सूचना उद्घाटनाच्या दिवसापुरती.'

उद्घाटन होऊन आठवडा झाला होता हो! मी गारठलोच. अख्खी रांग माझ्याकडे बघत होती आणि मी घड्याळाकडे. सव्वादहा!

असा धावलो की पूल झोपाळ्यासारखा हलला. गेटवर धापा टाकत खरं ते सांगून टाकलं. सुपरवायझरनी कपाळावर हात मारला.

"अरे, लोकांना अडवण्याचा पगार देणार होतो तुला. तू सगळ्या गावाला सोडलंस आणि अडवलंस कोणाला? स्वतःला?"

खाली मान घालून परत फिरलो. पुलापाशी आलो आणि पाय आपोआप थांबले.

काय करत होतो? मोजत होतो!